बाबा स्वतःच्या शेतीचे फॉर्म ऑनलाइनवाल्याला का देतात?

कळव्याचा_मुरबाडकर:
मी ठाण्यात नोकरीला, बाबा मुरबाडला भातशेती करतात. परवा कळलं की फार्मर आयडीसाठी, म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी ओळख क्रमांकासाठी, त्यांनी बाजारातल्या ऑनलाइनवाल्याला २०० रुपये दिले, जो स्वतः केला तर फुकट होतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाईलवर मिळतो, तिथे ५० देतात. मला विचारलं असतं तर लोकलमध्ये बसल्याबसल्या केलं असतं. हा आळस आहे, दुसरं काय.

शहापूरची_लेक:
आळस?? पीकविम्याची मुदत बहुतेक जुलैअखेर असते आणि तेव्हा आमच्याकडे लावणी चालू असते, गुडघाभर चिखलात उभा माणूस ओटीपी बघणार की आवण (भाताची रोपं) उपटणार? त्यात सातबारा सामायिक, सात नावं, आधारवर आजोबांचं आडनाव वेगळं. साइट रात्री अकराला चालते. २०० रुपयांत डोक्याचा ताप जातो, स्वस्तच आहे.

ऐरोलीकर७७:
ताप जात नाही ताई, उशिरा येतो. आमच्या काकांच्या पीएम किसानला अशाच एका ऑनलाइनवाल्या पठ्ठ्याने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला. पुढे ईकेवायसी आली, म्हणजे ओटीपीने ओळख पटवायची, तर ओटीपी त्याच्याकडे, तो दुकान बंद करून गायब. २००० चे दोन हप्ते अडकले. आणि २०२३ ला विमा १ रुपयात होता, केंद्रवाल्याला कंपनीकडून अर्जामागे ४० मिळत होते, तरी आमच्याकडून १०० घेतलेच ना?

शहापूरची_लेक:
घेतले, मान्य. पण अर्ज परत आला की तोच परत भरतो, तुमचा पोरगा फोन उचलत नाही.

कळव्याचा_मुरबाडकर:
हे मला होतं का 😅 बाबा पण हेच म्हणाले, तू रविवारीच सापडतोस.

ऐरोलीकर७७:
मग ईपीक पाहणीचं, म्हणजे मोबाईलवर पिकाची नोंद करायची त्याचं, काय करता? तिथे शेतात उभं राहूनच फोटो काढावा लागतो, दुकानात बसून होत नाही. आणि सातबाऱ्यावर पेरा (पिकाची नोंद) लागला नाही तर धान खरेदी केंद्रावर अडतं. म्हणजे शेवटी फोन शिकावाच लागतो. देऊ दे पैसे, पण नंबर स्वतःचा आणि पावती हातात, एवढं तरी.

शहापूरची_लेक:
नंबरचं पटलं. पावती मागितली तर तो म्हणतो प्रिंटर बिघडलाय, आमच्याकडे दोन वर्षं बिघडलेलाच आहे.

कळव्याचा_मुरबाडकर:
आत्ताच बाबांना फोन केला, आयडीला कुणाचा नंबर टाकलाय म्हणून. म्हणाले, त्यालाच विचार.