ऑरेंज की मँडरिन? संत्र्याच्या पेटीवर काय लिहायचं

बागवान_काटोलरोड: बाहेरदेशी जाणाऱ्या संत्र्याच्या पेटीचं लेबल इंग्रजीत करायचं आहे. २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते ‘नागपूर ऑरेंज’ या नावानं, पण संशोधनवाले ‘नागपूर मँडरिन’ लिहितात. दोन्ही एकच का?

साल_आणि_फोड: आपलं फळ एकच, पण इंग्रजीत ऑरेंज आणि मँडरिन एक नाहीत. इंग्रजीत नुसतं ऑरेंज म्हटलं की घट्ट चिकटलेल्या सालीचं, चाकूनं कापायचं फळ, म्हणजे आपली मोसंबी. मँडरिन म्हणजे सैल सालीचं, नखानं सोललं जाणारं, आडवं कापलं की मधे पोकळी दिसणारं. आपला संत्रा तो हाच. गफलत इथूनच सुरू होते: ऑरेंज मागवणारा पेटी उघडतो, फळ दाबतो, साल पोकळ लागते आणि माल जास्त पिकला म्हणून नाकारतो. ऑरेंजमध्ये जो दोष, तो मँडरिनचा स्वभाव. म्हणूनच तोडताना ओढायचं नाही, कात्रीनं देठ राखून कापायचं. ओढलं की देठाशी साल फाटते नं, तिथूनच सड लागते.

कागदपत्रांत तर घोळ नकोच. कस्टमच्या एचएस कोडमध्ये (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकांत) ऑरेंज ०८०५.१० आणि मँडरिन ०८०५.२१. लेबल आणि बिल जुळलंच पाहिजे.

शब्दवेडा_धरमपेठ: गंमत पहा, दोन्ही शब्दांचं मूळ आपल्याकडे निघतं. ऑरेंज फारसी-अरबीतून गेलं ते संस्कृत ‘नारंग’. मँडरिन हा चिनी अंमलदारासाठीचा शब्द, मलय-पोर्तुगीज वाटेनं गेलेला ‘मंत्रिन्’. फळाला तो मागून चिकटला.

आणि मोसंबीला ‘स्वीट लाइम’ लिहिणं सोडा, भाऊ. हॉटेलच्या मेनूत चालतं, बाहेर त्याचा अर्थ गोड लिंबू होतो.

बागवान_काटोलरोड: मग ‘मँडरिन ऑरेंज’ असं जोडून लिहिलं तर?

साल_आणि_फोड: चालतं, डब्यातल्या फोडींवर सर्रास असतं. जीआयचं नाव आहे तसंच ठेवा, खाली फळाच्या प्रकारात मँडरिन टाका. रसाच्या बाटलीला मात्र जपा. अमेरिकेच्या नियमात पाश्चराइज्ड ऑरेंज ज्यूसमध्ये मँडरिनचा रस १० टक्क्यांपर्यंतच चालतो. नुसत्या संत्र्याचा रस असेल तर ‘मँडरिन ज्यूस’च लिहावं लागेल.