बाबागाडीची सीट एका बाजूने सुटली, लॅचचं काय करू?

ओवीचा_बाबा

नमस्कार मंडळी. हे पालकत्वात टाकू का दुरुस्तीत टाकू कळेना, चुकलं असेल तर हलवा.

आमच्याकडे एक बाबागाडी आहे, मावसबहिणीने इंग्लंडहून आणलेली, तिच्या दोन्ही पोरांची वापरून झालेली. फ्रेम वेगळी सीट वेगळी असा प्रकार आहे, सीट काढून उलटी पण लावता येते, म्हणजे बाळाचं तोंड आपल्याकडे नाहीतर रस्त्याकडे. फ्रेमला दोन्ही बाजूला खोल खाचा आहेत, सीटला दोन्ही बाजूला जाड जीभ आहे, जीभ खाचेत सोडली की टक्क वाजतं. काढायची असेल तर सीटच्या पाठीमागे एक हँडल आहे ते ओढायचं, दोन्हीकडचं एकदम सुटतं.

परवा संध्याकाळी लाईट गेले, लिफ्ट बंद, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. वॉचमन काका म्हणाले चला उचलू, मी मागचं ढकलायचं हँडल धरलं आणि त्यांनी पुढून बाळाच्या समोरचा तो आडवा दांडा धरला, आणि चौथ्या का पाचव्या पायरीवर सीटची डावी बाजू सटकन वर आली. वीतभर तिरकी झाली सीट. ओवी पट्ट्यात होती (११ महिने, ९ किलो) आणि उजवी बाजू अडकून राहिली म्हणून निभावलं. ती तर हसत होती, पाय माझे लटपटले.

घरी येऊन परत लावली, टक्क आवाज येतो. पण आता कान देऊन ऐकलं तर एकच टक्क येतो, दोन नाही. हलवून बघितली तर घट्टच वाटते, हेच मला कळत नाहीये. बायकोने गाडी बंद केली. सासरे म्हणतात दोन्हीकडे आरपार भोक पाड आणि नटबोल्ट मार, विषय संपला. पुण्यात असलं कोण दुरुस्त करतं का? आणि बोल्ट मारला तर नक्की काय बिघडतं?

कट्टेकरी

बोल्ट कशाला, सुतळीने बांधा दोन्हीकडून. आमच्या वेळी झोळी होती आणि कंबर होती, एकही लॅच नव्हता, आम्ही जगलोच ना.

ओवीचा_बाबा

काका तुमच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर कोण राहायचं ते पण सांगा :)

टूलरूमवाला

भोसरीला प्लास्टिक मोल्डिंगच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. बाबागाडीचे नाही, पण असले खटके (तुम्ही ज्याला लॅच म्हणता ते) खुर्च्यांचे, बॅगांचे, गाडीच्या सीटचे भरपूर केलेत, तत्त्व सगळीकडे एकच.

आधी "घट्ट वाटते" याचं सांगतो कारण सगळे इथेच फसतात. बाळाचं वजन खटका घेत नाही. वजन जातं जिभेतून खाचेच्या तळावर आणि भिंतींवर, तिथून फ्रेमवर. म्हणजे खटका अजिबात नसला तरी सीट मस्त बसलेली दिसणार, बाळ बसल्यावर तर आणखीच घट्ट वाटणार, कारण बाळच तिला खाली दाबतंय. खटक्याचं काम फक्त सीट वर उचलली जाऊ नये आणि कलंडू नये एवढंच. ते काम कधी पडतं? पायरीवर उचलताना, स्पीडब्रेकरला पुढची चाकं वर घेताना, किंवा पोरगं मागे रेलून पाय ताणतं तेव्हा. बाकी महिनाभर गाडी एका खटक्यावर चालेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. तुमची किती दिवस चालली असेल देव जाणे.

वॉचमननी जो दांडा धरला तो उचलायचा नसतोच. तो बाळाला पुढे धरायला असतो. तो धरून उचललं म्हणजे बाळासकट सीटचं सगळं वजन खटक्याला लटकवलं, वर तिरका पीळ पडला. फ्रेम धरून उचलायची, दोघांनी. आणि खरं म्हणजे बाळ काढून घेऊनच.

आता खटका कसा असतो बघा. जिभेच्या आत एक सरकणारा तुकडा असतो, बोटाच्या पेराएवढा, मागे स्प्रिंग. तो जिभेच्या बाहेर डोकावतो. त्याला खालच्या अंगाला ढाळ असतो, त्यामुळे जीभ खाचेत ढकलली की भिंत त्याला आत दाबते, आणि जीभ तळाला गेली की समोर कपार येते आणि खटका टक्क करून कपारीत शिरतो. वरच्या अंगाला ढाळ नसतो, तिथे काटकोन. म्हणून वर ओढलं की तो कपारीच्या कडेला अडतो. ओढ स्प्रिंगवर येत नाही, तुकड्याच्या जाडीवर येते. स्प्रिंगने त्याला फक्त बाहेर ठेवायचं. हे कळलं की दुरुस्ती अर्धी कळली.

एकच टक्क येतोय आणि डावी बाजू सुटली म्हणजे डावा खटका कपारीत पोचत नाही किंवा पोचून टिकत नाही. तीन कारणं असू शकतात. एक, खाचेच्या तळाशी कचरा, जीभ दोन-तीन मिलिमीटर वरच थांबते, कपार समोर येतच नाही. दोन, तुमच्यात एक हँडल दोन्हीकडचं सोडतं म्हणजे आतून वायर गेलेली असणार, सायकलच्या ब्रेकला असते तशी, नळीत तार. ती नळी कुठे मुरडली किंवा आत गंजली की तार परत जात नाही, आणि खटका अर्धाच बाहेर येतो, स्प्रिंग चांगली असून. तीन, खटक्याचा वरचा काटकोन झिजून गोल झालाय, मग तो शिरतो पण जोर आला की निसटतो.

सीट काढा, उलटी धरा, बॅटरी मारून दोन्ही खटके बघा. हँडल ओढा, सोडा. दोन्ही सारखे बाहेर आले पाहिजेत आणि एका दमात. मग सांगा.

सासऱ्यांना नमस्कार सांगा पण बोल्ट नको. फ्रेमची नळी ॲल्युमिनियमची, पातळ असते, आणि जीभ बहुतेक काचतंतू घातलेल्या नायलॉनची, त्यात घरच्या ड्रिलने भोक पाडलं की भोकाच्या कडेपासून तडा चालू होतो, तो दिसत नाही आणि पुढच्या वेळी टक्क न करता सरळ तुटतं. खटका सुटला तर एक बाजू सुटते, जीभ मोडली तर काहीच उरत नाही.

लीड्सची_माई

टूलरूमवाला दादांनी छान सांगितलं, मी फक्त इथली सवय सांगते. दोन मुलं झाली अशाच गाड्यांवर. इथे हेल्थ व्हिजिटर (बाळ झाल्यावर घरी येणारी नर्स) घरी आली होती तेव्हा तिने मला एकच शिकवलं, सीट लावली की बाळ ठेवायच्या आधी दोन्ही हातांनी सीटच्या दोन्ही कडा धरून फ्रेम जमिनीवरून सुटेपर्यंत वर ओढायची. फ्रेम सोबत वर आली तर ठीक. हलवून बघणं म्हणजे काही नाही, हलवताना आपण नकळत खालीच दाबतो. मी अजून करते, धाकटी चार वर्षांची झाली तरी हात आपोआप जातो.

आणि हिरवं दिसलं म्हणजे बसलं असं पण समजू नका. काही गाड्यांना लाल-हिरवी खूण असते, ती बऱ्याचदा एकाच बाजूला असते, दुसरी बाजू काय करतेय ते तिला माहीतच नसतं.

हे काही फक्त जुन्या गाड्यांचं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ब्रिटॅक्स कंपनीने जवळजवळ ६ लाख ७६ हजार बाबागाड्या परत तपासायला बोलावल्या होत्या, त्यात त्यांच्या बॉब नावाच्या गाड्या पण होत्या. कारण हेच, कार सीट (मोटारीत बाळाला बसवायची सुटी सीट, ती बाबागाडीच्या फ्रेमवर पण लागते) फ्रेमला जिथे टक्क करून बसते तो फ्रेमवरचा भाग खराब झाला की सीट अचानक सुटायची. खराब झालेल्या भागांच्या हजारावर तक्रारी होत्या आणि २६ मुलांना लागलं होतं, खरचटणं, टेंगूळ वगैरे. म्हणून मावसबहिणीला विचारा गाडी कुठल्या मॉडेलची, फ्रेमवर खाली एक स्टिकर असेल त्यावर मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख असते, ती घेऊन कंपनीच्या साईटवर बघा परत बोलावलेली आहे का. वापरलेली गाडी घेतली की हे पहिलं काम, पट्टे धुणं नंतर. तिथेच ईएन १८८८ असं पण लिहिलेलं असेल, ते युरोपचं बाबागाडीचं स्टँडर्ड.

साधीच_बरी

म्हणून मी म्हणते छत्रीवाली गाडी घ्या, म्हणजे छत्रीसारखी मिटणारी, सीट फ्रेमला शिवलेलीच, काढायची भानगड नाही. ती कोणी काढली माहितीये का, ओवेन मॅकलारेन नावाच्या विमान इंजिनिअरने, ज्याने स्पिटफायर विमानाच्या चाकांची घडी केली होती. लेक नातवंडाला घेऊन जड गाडी ओढत आली ते बघून त्याने १९६५ मध्ये पेटंट टाकलं. विमानाची चाकं पोटात घेणाऱ्या माणसाची घडी आहे ती, तुमच्या टक्कटक्कपेक्षा केव्हाही बरी.

लीड्सची_माई

ताई घडी असली की खटका आलाच, फक्त जागा बदलते. त्याच मॅकलारेनच्या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेत १० लाखांच्या आसपास गाड्यांच्या बिजागरीला झाकणं द्यावी लागली, उघडताना मुलांची बोटं सापडत होती. आणि बहुतेक छत्रीवालीत बाळ आपल्याकडे तोंड करून बसत नाही, तान्ह्या बाळाला ती चालत पण नाही सहसा.

साधीच_बरी

बोटांचं खरंय. ते मी विसरले होते.

ओवीचा_बाबा

अपडेट. सीट काढली, बॅटरी मारली. डाव्या खाचेत काय निघावं, राजगिऱ्याचा लाडू. म्हणजे त्याचा चुरा, गुळासकट, दाबून दाबून दगड झालेला, वर पार्किंगमधली बारीक खडी चिकटलेली. उजवीकडे काहीच नाही कारण आजी डाव्या बाजूने भरवते. टूथब्रश आणि कोमट पाण्याने अर्धा तास घासलं, काडीने कोपरे काढले, पंख्याखाली वाळवलं. आता जीभ तळाला जाते आणि दोन टक्क येतात, कानाने ऐकले, बायकोला पण ऐकवले.

खटके बघितले. हँडल सोडल्यावर उजवा फटकन येतो, डावा आळशासारखा येतो, पण येतो पूर्ण. मग माईंनी सांगितलं तशी सीट वर ओढली, बाळाच्या जागी गव्हाच्या पिठाची दहा किलोची पिशवी पट्ट्यात बांधून. नऊ वेळा फ्रेम सोबत उचलली गेली. दहाव्या वेळी जरा झटका दिला तर डावीकडून परत सुटली. पिशवी पण फुटली. त्यामुळे आता घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

घरात शिलाई मशीनचं तेल आहे ते सोडू का डावीकडे? आणि खटक्याची कड कानशीने परत काटकोनात आणता येईल का?

टूलरूमवाला

पिठाची आयडिया चांगली, पिशवी दुहेरी घ्यायची.

तेल नको. तेल लावल्यावर दोन दिवस लोण्यासारखा चालेल आणि मग त्याच तेलात धूळ बसून आणखी घट्ट होईल, राजगिरा परवडला. सिलिकॉनचा स्प्रे मिळतो तो चालेल, तो पण एकच फवारा, जास्तीचा पुसून. गंज सोडवायचे जे पेट्रोलिअमवाले स्प्रे असतात ते मारू नका, काही प्लास्टिकना ते चालत नाहीत, बारीक तडे जातात. आणि आळस बहुतेक वायरीचा आहे, सीटच्या कापडाखाली नळी कुठे मुरडलीय का बघा, गाडी घडी करताना फ्रेममध्ये चिमटली असेल तर तिथे पांढरी रेघ दिसेल.

कानस अजिबात नाही. कड गोल झाली म्हणजे माल गेलेला आहे, कानशीने तुम्ही उरलेला पण काढणार. काटकोन दिसेल छान पण खटका तेवढा आखूड होईल, कपारीत कमी शिरेल. दहातून एकदा सुटतो तो पाचातून एकदा सुटायला लागेल. दहातून एकदा म्हणजे लॅच नाहीच असं धरा. खटका बदलायचा, आणि डावा बदलताना उजवा पण बदला, त्यांचं वय एकच आहे. सुटा भाग मिळाला नाही तर दोन्ही जिभांसकट सीटचा सांगाडा मिळतो का विचारा. इथे कोणाकडून तसा भाग कापून घेऊ नका, मी स्वतः करून देऊ शकतो पण देणार नाही, मापात पाव मिलिमीटरचा फरक पडला तर तुमच्या पोरीच्या जिवावर.

चांगल्या डिझाइनमध्ये खाचेच्या तळाशी उलटी स्प्रिंग असते, खटका बसला नाही की ती जिभेला वर ढकलून देते, सीट उघड उघड वाकडी दिसते. म्हणजे बसली तर पूर्ण, नाहीतर लगेच कळते. तुमच्यात ती नाही असं दिसतंय. पुढची गाडी घेताना दुकानात मुद्दाम एकच बाजू बसवून बघा काय होतं. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

नागपुरी_मम्मी

मधेच विचारते, आमच्याकडे फ्रेमवर कार सीट लावायला ते दोन अडॅप्टर असतात ते आहेत. माझा एक अडॅप्टर बसतो पण जरा डुगडुगतो. चालतं का?

लीड्सची_माई

अडॅप्टरवर डावा उजवा लिहिलेलं असतं बघा, एल आणि आर. आमचे एकदा अदलाबदल झाले होते, बसले दोन्ही, आवाज पण आला, आणि एक डुगडुगत होता. अडॅप्टर आला की सांधे दुप्पट होतात, अडॅप्टर फ्रेमला आणि कार सीट अडॅप्टरला, दोन्ही वेगवेगळे ओढून बघायचे. बरोबर बाजूला लावून पण डुगडुगत असेल तर वापरू नका.

नागपुरी_मम्मी

अदलाबदलच होती. आता एकदम फिट्ट. सहा महिने अशीच फिरवली मी गाडी, सासूबाईंना सांगणार नाही.

ओवीचा_बाबा

मावसबहिणीशी बोललो. स्टिकर मिळाला, मॉडेल परत बोलावलेल्यात नाही. खटक्याची जोडी स्प्रिंगसकट तिथे सुटी मिळते असं कंपनीने कळवलंय, गणपतीत ती येतेय तेव्हा आणेल. वायर तपासली, दादा म्हणाले तशी पांढरी रेघ निघाली डाव्या बाजूला, वायर पण मागवली. तोवर गाडी गॅलरीत, त्यात सध्या कांदे बटाटे ठेवलेत. ओवीला मी कडेवर नेतो, सासरे रोज विचारतात बोल्ट केव्हा मारतोयस.

टूलरूमवाला

नवीन खटका आला की जुना फेकू नका. दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाका इथे, वरची कड दिसेल असा. किती झिजलाय ते मला बघायचंय.