नाक्यावरचा वार्ताफलक पुन्हा लिहायला घ्यायचा का?

नौपाड्याची लेक

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वार्ताफलक आहे. सिमेंटची चौकट, आत काळा रंग, वर पत्र्याचं छोटं छप्पर. माझ्या लहानपणी त्यावर रोज खडूने काहीतरी लिहिलेलं असायचं. गुरुवारी पाणी नाही. अमुक काकांचं निधन, अंत्ययात्रा साडेदहाला. पोलिओचा डोस बालवाडीत. शाळेतून येताना आम्ही तो मोठ्याने वाचत घरी यायचो. गेली बारा-तेरा वर्षं त्यावर कोणी लिहीत नाही, नुसत्या क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात.

मागच्या महिन्यात चोवीस तास पाणी बंद होतं. सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस आधी निरोप आला, आम्ही पिंप भरून ठेवलं. मागच्या चाळीत एक आजी एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे, फोन साधा बटणांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या रिकामी कळशी घेऊन आमच्या दारात उभ्या. "मला कोणी सांगितलंच नाही गं." मीही सांगितलं नव्हतं. ग्रुपवर आलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं मी धरून चालले होते. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

ठाण्याचं पाणी एका ठिकाणाहून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका, असे चार स्रोत आहेत. त्यामुळे "ठाण्यात पाणी बंद" एवढ्याने काही कळत नाही. आपल्या गल्लीत बंद आहे का, किती वाजल्यापासून, आणि नंतर किती दिवस कमी दाबाने येणार, हे कळायला हवं. हे सांगायला गल्लीतलाच फलक हवा.

म्हणून मला तो पुन्हा सुरू करायचाय. पाणी, वीज, लसीकरण, मालमत्ता करातल्या सवलतीची शेवटची तारीख, रक्तदान शिबिर, वाचनालयाची वेळ, निधन वार्ता. एवढंच. बोला.

गायमुखच्या अलीकडे

ताई, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण उपाय पटला नाही.

तुमच्या नौपाड्यात नाका आहे, गल्ली आहे, भाजी आणायला माणूस चालत निघतो. घोडबंदर रोडला या. आमच्या संकुलात साडेसहाशे घरं. लोक लिफ्टने खाली, गाडीत बसून बाहेर. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून फुटपाथ असा राहिलेलाच नाही. फलक लावायचा कुठे आणि वाचणार कोण? शटडाऊनची बातमी आम्हाला टाकीवाल्याच्या आधी फोनवर कळते आणि त्याच मिनिटाला टँकर सांगता येतो. खडूने लिहायला माणूस येईपर्यंत टँकरवाल्याचे नंबर संपलेले असतात.

एका आजींसाठी फलक उभा करण्यापेक्षा शेजारच्या एकाने त्यांना फोन करायची जबाबदारी घ्यावी. बटणांच्या फोनवरही फोन येतोच की.

नौपाड्याची लेक

दादा, त्या दिवशी मी आजी बघितल्या, कारण त्या माझ्या दारात आल्या. न आलेले किती, ते मला माहीत नाही. शेजाऱ्याने फोन करावा हे खरं, आणि मी आता करते. पण मी गावाला गेले तर? निरोप माणसाच्या आठवणीवर ठेवला की एक दिवस तो चुकतो.

दुसरं असं. माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ म्हणतं की सार्वजनिक कार्यालयांनी लोकांनी मागण्याआधीच माहिती द्यावी, स्थानिक भाषेत द्यावी आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने द्यावी. त्यात मार्ग मोजलेत, आणि पहिलाच आहे सूचना फलक.

गायमुखच्या अलीकडे

त्याच यादीत वर्तमानपत्रंही आहेत आणि इंटरनेटही. पहिलं नाव म्हणजे पहिला मान, असं कायद्यात कुठे नाही. "त्या भागात परिणामकारक" हे शब्द तर माझ्याच बाजूचे आहेत.

ग्रंथालयात होतो

मी ठाण्यातल्या एका वाचनालयात सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली अकरा वर्षं दारातला फलक मी लिहिला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमचा विचार मला मनापासून आवडला. या गावाला ती सवय जुनी आहे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांसारख्या मंडळींनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं ते इथेच. एक वर्तमानपत्र वीस जणांनी वाचायचं आणि वाचून झालं की त्यावर बोलायचं, ही वाचनालयाची रीत. फलकही त्याच रीतीतला. समोर उभे राहिलेले दोघे एकमेकांशी बोलतातच. "तुमच्याकडे येतं का हो पाणी?" इथून सुरुवात होते. फोनवर वाचणारा एकटाच वाचतो.

पण काम सोपं नाही. फलकावर "आज", "उद्या" कधीच लिहायचं नाही, वार आणि तारीख लिहायची. मी एकदा "उद्या शिधापत्रिकेचं शिबिर" लिहिलं, दुसऱ्या दिवशी पुसायचं राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी सात-आठ जण कागद घेऊन उन्हात उभे होते. त्यात एक बाई अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आली होती. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. सहा ओळींच्या वर मजकूर नको, लोक थांबत नाहीत. निधन वार्ता घरच्या माणसाने समोर येऊन सांगितल्याशिवाय लिहायची नाही. खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि बातमी कुठून आली ते हवं. पावसाळ्यात ओला फळा खडू धरत नाही, तेव्हा आत काचेमागे कागद लावावा लागतो.

आणि मुख्य म्हणजे माणूस. मी निवृत्त झालो आणि फलक बंद पडला. कोणी बंद केला नाही, फक्त पुढे कोणी हातात खडू घेतला नाही. सुरू करताना तीन जण ठरवा, एक नको.

वाशी, सेक्टर १५

आमच्याकडे सिडकोने सेक्टर आखतानाच बाजार, शाळा, समाज मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर दिलं. म्हणजे फलकाला जागा आहे. पण जागा दिसली की वाढदिवसाच्या शुभेच्छा चढतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला, तरी चौक पुन्हा भरलेलेच दिसतात. तुमच्या फळ्यावर पंधरा दिवसांत कोणाचा तरी फोटो येईल. तो काढायची हिंमत कोण करणार, हे आधी ठरवा.

कळवेकर

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे.

माझ्या आईला वाचता येत नाही. चार घरी स्वयंपाक करून तिने मला शिकवलं. तुमचा फलक तिच्यासाठी भिंतच आहे. तिला पाणी कधी जाणार हे आज कळतं ते आवाजी निरोपामुळे. आमच्या वस्तीतली एक मुलगी महापालिकेची सूचना वाचून, साध्या बोलीत बोलून, बायकांच्या ग्रुपवर पाठवते. "मावश्यांनो, शुक्रवारी सकाळी नवापासून नाही, गुरुवारी रात्रीच भरून ठेवा." दहा सेकंदांचा निरोप. आई तो तीनदा ऐकते आणि शेजारणीलाही ऐकवते. ज्या फोनला तुम्ही आडवा येणारा म्हणताय, त्याने माझ्या आईला पहिल्यांदा स्वतःची स्वतः बातमी मिळाली. आधी ती मला विचारायची, मी कामावर असलो तर वाट बघायची.

पूर्वी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन विचारता यायचं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. त्या काळात आमच्याकडे या मुलीचा आवाज तेवढा होता.

काका म्हणतात फलकासमोर माणसं बोलतात. बोलतात, पण पुरुष. संध्याकाळी नाक्यावर उभं राहून वाचायला आमच्याकडच्या बायकांना वेळ कुठे असतो?

नौपाड्याची लेक

कळवेकर, तुमचं मी दोनदा वाचलं. वाचता न येणाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. आमच्याकडे काम करायला येणाऱ्या मावशींना आज विचारलं. त्या म्हणाल्या, "फळा असेल तर बरंच, पण वाचून कोण दाखवणार?" तुमच्या वस्तीतल्या मुलीसारखा निरोप मी रोज बोलून पाठवेन, फळ्यावर जे असेल तेच शब्द. आणि फळा सकाळी सातच्या आत लिहून होईल, म्हणजे कामाला येणाऱ्या बायकांना जाताजाता एकमेकींना सांगता येईल.

फोन आडवा येतो असं मात्र मी म्हटलेलं नाही. ग्रुपमध्ये नसलेल्या माणसाचं काय, एवढंच विचारतेय. ग्रुपमध्ये कोणीतरी घ्यावं लागतं. भाडेकरूला घेत नाहीत, खोली रिकामी केली की काढतात. नाक्यावरून जायला कोणाची परवानगी लागत नाही. गल्लीत काल राहायला आलेल्या माणसालाही ती बातमी मिळायला हवी, आणि यावरून मी मागे हटणार नाही.

कळवेकर

आवाजी निरोप पाठवणार असाल तर विरोध अर्धा कमी. उरलेला अर्धा असा, की फळा दिसायला छान दिसतो, फोटो निघतात, आणि निरोप बोलायचं कंटाळवाणं काम मागे पडतं. सहा महिन्यांनी विचारेन.

गायमुखच्या अलीकडे

मी अजूनही विरोधातच. एक साधा प्रश्न. शटडाऊन ऐन वेळी पुढे ढकलतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. रात्री नऊला रद्द झाल्याचं कळलं तर फोनवर एका मिनिटात दुरुस्ती होते. तुमच्या फळ्यावर सकाळपर्यंत चुकीची बातमी राहणार. लोक उगाच पाणी साठवणार आणि नंतर ओतून देणार. तेव्हा काय?

नौपाड्याची लेक

तेव्हा खाली उतरून पुसणार. काकांनी सांगितल्याप्रमाणे तिघं ठरलोय: मी, समोरचा इस्त्रीवाला आणि दहावीतला एक मुलगा. इस्त्रीवाल्याचं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं, त्यामुळे ओलं फडकं आणि खडूचा डबा त्याच्याकडेच ठेवलाय. आजींच्या घरी जाऊन सांगायचं काम त्या मुलाने मागून घेतलं.

रविवारी सकाळी जाहिराती खरवडायला बसतोय. काळा रंग आणलाय. कोणाकडे जुनी शिडी असेल तर हवी आहे, छपराचा पत्रा एका बाजूने सुटलाय.

ग्रंथालयात होतो

शिडी माझ्याकडे आहे. साडेसातला घेऊन येतो. रंग दोन हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या, नाहीतर खडू घसरतो.