बर्फ काढायला आणि आवारातल्या कामाला छोटा ट्रॅक्टर: कोणता घ्यावा?

प्रेषक: सिरॅक्यूजकर (सध्या मुक्काम गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार मंडळी,

दिवाळीसाठी तीन आठवडे नाशिकला आलोय. ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतंय आणि मी पंखा पाचवर ठेवून बर्फाच्या विचारात बसलोय. घरचे हसतात, पण माझी अडचण खरी आहे.

आम्ही गेल्या वसंतात अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या उत्तरेला घर घेतलं. अडीच एकर जागा, मागे थोडा उतार, आणि रस्त्यापासून गराजपर्यंत ४०० फुटांची खडीची वाट. घर बघायला गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना झाडं, मधून वळत गेलेली ती वाट बघून बायको म्हणाली, अगदी कोकणात आल्यासारखं वाटतं. तिथेच फसलो. शेजारच्या आजोबांनी नंतर सांगितलं की आधीच्या मालकाने घर का विकलं.

जुन्या घरचा हाताने ढकलायचा स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारं यंत्र) आहे, पण तो ४० फुटांच्या डांबरी ड्राइव्हवेसाठी घेतलेला. इथे त्याचा निभाव लागणार नाही. उन्हाळ्यात दीड एकर गवत कापायचंय, खडी पसरायची आहे, पडलेली झाडं ओढायची आहेत. म्हणून छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलंय. कुबोटाची बीएक्स मालिका आणि जॉन डिअरचा १०२५आर बघून आलो. नाशिककर म्हणून महिंद्राकडे ओढा आहेच. सातपूरला त्यांच्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावून वाढलो. (तिथे गाड्या होतात, ट्रॅक्टर नाही, हे ठाऊक आहे. ओढ्याला कुठे तर्क असतो.)

प्रश्न एवढाच: २५ एचपी पुरेल की ३५ घेऊ?

---

प्रेषक: व्हरमाँटची ताई

> २५ एचपी पुरेल की ३५ घेऊ?

हाच प्रश्न मी सात वर्षांपूर्वी विचारला होता आणि "असू दे जास्तीचा" म्हणून ३५ चा घेतला. पस्तावले.

अमेरिकेत १९ किलोवॉटच्या, म्हणजे साधारण २५ एचपीच्या वर डिझेल इंजिनाला धुराचे नियम कडक आहेत. म्हणून त्यावरच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर येतो. तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापावं लागतं. मी काय करायचे? थंडीत सुरू करून वीस मिनिटं नुसता घुरघुरत ठेवायचे, पंधरा मिनिटं बर्फ काढायचे, बंद करायचे. फिल्टर तुंबला. ऐन जानेवारीत ट्रॅक्टर डीलरच्या दारात आणि मी फावडं घेऊन माझ्या दारात. डीलर म्हणाला, "तुम्ही याला पुरेसं राबवत नाही." सासूबाईंनंतर हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.

एवढे ट्रॅक्टर २४ पॉइंट काहीतरी एचपीवर का थांबतात, ते तुम्हाला आता कळलं असेल. अडीच एकराला तेवढा खूप झाला. गिअरचा मात्र घेऊ नका, हायड्रोस्टॅटिकच (क्लचशिवाय, नुसत्या पॅडलने पुढे-मागे जाणारा) घ्या. बर्फ काढताना दर अर्ध्या मिनिटाला पुढे-मागे करावं लागतं, क्लच दाबून दाबून गुडघा जातो.

---

प्रेषक: न्यू जर्सी, चिवडाप्रेमी

नाशिकला आहातच तर येताना कोंडाजीचा चिवडा आणाल का? दोन किलो. पैसे लगेच पाठवतो. ट्रॅक्टरबद्दल काही कळत नाही, क्षमस्व.

---

प्रेषक: इंदिरानगरचे काका (मंडळाचे जुने सभासद, आता नाशिकवासी)

चि. सिरॅक्यूजकर,

एचपीच्या आधी ओझं मोजा. वाट ४०० फूट लांब आणि १२ फूट रुंद धरली तर ४,८०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४४६ चौरस मीटर. त्यावर एक फूट बर्फ पडला की १३६ घनमीटर झाला. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास धरू. साडेतेरा टन. ओला असेल तर याच्या दुप्पट, तिप्पटही. तुमच्या भाषेत सांगायचं तर वीस किलोचे ६८० क्रेट द्राक्षं. तेही कोरड्या बर्फाचे, एका रात्रीचे.

दुसरं. सिरॅक्यूजला हिवाळ्यात सरासरी १०० इंचांहून जास्त बर्फ पडतो, हा आकडा तुमच्या वाटेवर जसाच्या तसा लावू नका. ऑन्टारियो सरोवराच्या उबदार पाण्यावरून थंड वारा आला की वाफ उचलतो आणि काठापलीकडे आणून ओततो, तोही पट्ट्यापट्ट्याने. आपल्याकडे इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि निफाडला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही, तसला प्रकार. शेजारच्या आजोबांना विचारा, बर्फ कुठल्या खिडकीपर्यंत चढतो.

महिंद्राबद्दल: १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाउनमध्ये त्यांनी 'ओजा' नावाची हलक्या ट्रॅक्टरांची मालिका दाखवली, जपानच्या मित्सुबिशीसोबतच्या भागीदारीतून घडवलेली. नाव आपल्या 'ओजस्' वरून. अभिमान जरूर बाळगा. पण रंग, म्हणजे कंपनी, निळा की लाल की हिरवा, हे शेवटी ठरवा. ज्याचं दुकान तुमच्या घरापासून अर्ध्या तासात आहे आणि जो फेब्रुवारीत फोन उचलतो, त्याचा रंग चांगला.

---

प्रेषक: सिरॅक्यूजकर

काका, ६८० क्रेट वाचून घाम फुटला. चिवडाप्रेमी, दोन किलो लिहून ठेवलाय. आणखी कोणाला हवा असेल तर कृपया वेगळी मेल लिहा.

काल पिंपळगाव बसवंतला मामाकडे गेलो होतो. द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची ऑक्टोबरातली) उरकलीय आणि परवाच्या पावसाने डाऊनी रोगाची धास्ती, त्यामुळे मामाचा मिनी ट्रॅक्टर सकाळ-संध्याकाळ फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेतच. मी म्हटलं, मामा, मलापण ब्लोअरच लावायचाय, फक्त तो औषधाऐवजी बर्फ उडवतो. मामाने ट्रॅक्टर बंद केला, टोपी काढली आणि मला एचपी विचारलाच नाही.

"वाट किती रुंद?"

"बारा फूट."

"आन् तो बर्फ टाकणार कुठं?"

मंडळी, चार दुकानं फिरलो, एकाही सेल्समनने हे विचारलं नव्हतं. मामाचं म्हणणं असं: इकडे बाग आधी असते, ट्रॅक्टर नंतर येतो. दोन ओळींत नऊ फूट अंतर असेल तर नऊ फुटांत फिरेल, मांडवाखाली वाकेल असाच घ्यायचा. खरेदीला जाताना माणूस खिशात टेप घेऊन जातो. माझ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडं. पुढच्या बकेटने बर्फ ढकलत गेलो तर डिसेंबरात कडेला बांध होईल, जानेवारीत तो आत सरकेल आणि फेब्रुवारीत बारा फुटांची वाट सात फुटांवर येईल. "मंग गाडी काय डोक्यावरनं न्यायची?" म्हणजे मला झाडांपलीकडे उडवणारा ब्लोअरच हवा. बकेट गराजपुढच्या मोकळ्या जागेपुरती.

मग त्याने स्वतःची चूक सांगितली. चार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सांगण्यावरून मोठ्या टाकीचा ब्लोअर घेतला. कागदावर ट्रॅक्टर २४ एचपीचा, पण पीटीओच्या, म्हणजे जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या, दांड्यापर्यंत त्यातले अठरा-वीसच पोचतात. चढाला इंजिन धापा टाकायचं. वर टाकी भरली की मागे एवढं वजन की पुढची चाकं अधांतरी, स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच. शेवटी पुढे वजनं टांगली, तरी ओळीच्या टोकाला वळताना जीव मुठीत. ब्लोअर विकला, लहान घेतला.

"तुझं आमच्या उलटं," मामा म्हणाला. "तुझं ओझं पुढं. तुझी मागची चाकं उचलतील. टायरात पाणी भर."

---

प्रेषक: व्हरमाँटची ताई

मामांना माझा साष्टांग नमस्कार. पण टायरात पाणी भरू नका हो! व्हरमाँटात उणे २५ ला त्याचा दगड होतो, सिरॅक्यूजलाही फार वेगळं नाही. इकडचे लोक बीटाचा रस भरतात. थट्टा नाही करत. साखर कारखान्यात बीटापासून साखर काढल्यावर उरलेला काळा काकवीसारखा द्रव असतो, तो गोठत नाही, लोखंड गंजवत नाही आणि पाण्यापेक्षा पाव पटीने जड असतो. कॅल्शियम क्लोराइडही जड असतं, पण गळलं की रिम खाऊन टाकतं. आमच्याकडे हे काम करणारा माणूस गाडी घेऊन घरी येतो.

मागचं वजन का हवं, यात आणखी एक मेख आहे. या ट्रॅक्टरांचे ब्रेक बहुतेक फक्त मागच्या चाकांना असतात. बकेट भरलेली, मागचा भाग हलका, उतारावर गिअर टू-व्हीलमध्ये, अशा वेळी ब्रेक दाबला तरी ट्रॅक्टर घसरगुंडीसारखा खाली जातो. मी एकदा थेट पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले, ती पेटी आता नवीन आहे. उतारावर फोर बाय फोर टाकूनच उतरा, बकेट जमिनीलगत ठेवा.

ब्लोअर पुढे लावायचा की मागे, हे तुमच्या मानेला विचारा. मागचा स्वस्त, दणकट, साध्या ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर चालतो आणि पुढच्या लोडरला (बकेट उचलणाऱ्या हातांना) आपोआप तोल देतो. पण ४०० फूट उलटं जायचं, मान वळवून, तोंडावर बर्फ घेत. पुढचा ब्लोअर ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या पीटीओवर चालतो, महाग पडतो, आणि तो लावायला लोडर काढून ठेवावा लागतो. मी मागचाच वापरते. आमची वाट १५० फूट आहे म्हणून जमतं.

खडी आहे तर पहिल्या दोन बर्फांना ब्लोअर लावूच नका. ते गाडीने दाबून गोठू द्या, खालचा थर सिमेंटसारखा झाला की मग त्यावरून काढा. ब्लोअरच्या खालच्या पट्ट्या इंचभर उंच ठेवा, नाहीतर वसंतात खडी लॉनमध्ये शोधत बसाल. दगड अडकला तर पिन तुटते, ती तुटण्यासाठीच असते. पाच-सहा पिना सीटखाली ठेवा. तोंडात बर्फ अडकला तर इंजिन बंद करून काठीनेच काढा. हात कधीच नाही. मफलर, ओढणी, पदर, काही लोंबतं ठेवून पीटीओजवळ जायचं नाही.

आणि ऑक्टोबर संपायच्या आत टाकीतलं उन्हाळी डिझेल संपवा. थंडीत त्यातलं मेण गोठतं आणि फिल्टर बंद होतो. इंजिनाचा हीटर दुकानातूनच बसवून घ्या.

---

प्रेषक: इंदिरानगरचे काका

टायरच्या नक्षीचा विषय राहिला. मामांच्या ट्रॅक्टरसारखी खोल, शेतीची नक्षी घेतली तर चिखलात छान, पण तुमचं लॉन नांगरलं जाईल. लॉनची बारीक नक्षी गवताला चांगली. मधली, औद्योगिक म्हणतात ती, लोडरच्या कामाला सोयीची, पण निव्वळ बर्फावर गुळगुळीत. कुठलीही घेतली तरी मागच्या चाकांना साखळ्या लागणारच. साखळी आणि मडगार्ड यांच्यात जागा उरते का, ते दुकानातच बघून घ्या.

गराजच्या दाराची उंचीही मोजा. मामांचा टेप विसरू नका.

---

प्रेषक: सिरॅक्यूजकर

मंडळी, मनापासून आभार. बरंचसं ठरलं. २५ च्या आतला, हायड्रोस्टॅटिक, फोर बाय फोर, लोडर, पोटाखाली गवत कापायचा डेक, मधली नक्षी आणि साखळ्या, टायरात बीटाचा रस. ब्लोअर पुढचा. मला पंचेचाळिशीतच मानेचा पट्टा लागलाय, ४०० फूट उलटं जाणं होणार नाही. लोडर हिवाळाभर काढलेला राहील, गराजपुढचा बर्फही ब्लोअरनेच उडवीन. पुढच्या ब्लोअरच्या ओझ्यासाठी मागे वजनाची पेटी. खर्च लोडर, डेक, ब्लोअर धरून पंचवीस हजार डॉलरच्या पुढे जाईलसं दिसतंय. बर्फ काढून देणारा माणूस एका खेपेला ७० डॉलर सांगतो, त्या हिशेबाने पैसे फिटायला बरेच हिवाळे लागतील. हे गणित बायकोला गवताचं काम धरून दाखवणार आहे. या लिस्टवर ती नाही म्हणून इथे लिहितोय.

बीटाच्या रसाचं मामाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आन् उसाचा चालत नाही का?"

काकांच्या सांगण्यावरून काल रात्री घरी फोन करून गराजचं दार मोजायला लावलं. दार बरोबर सात फूट आहे. केबिनचा ट्रॅक्टर आत जाईल का याची खात्री नाही, म्हणून केबिनचा नाद सोडला. डोक्यामागची सुरक्षेची कमान दुमडता येते, तेव्हा ती आत नेताना दुमडायची, आणि बाहेर आल्यावर उभी करून मगच सीटबेल्ट लावायचा. दुमडलेली असताना बेल्ट लावायचा नाही, नाहीतर ट्रॅक्टर उलटला की माणूस त्याच्याखाली बांधलेलाच राहतो, हे दुकानदाराने दोनदा सांगितलं होतं.

बायकोचा सकाळी निरोप आला: "दार सात फूट. पण आत तुझी ट्रेडमिल, दोन सायकली आणि मंडळाच्या गणपतीचं मखर आहे. मखर कोण नेणार ते आधी विचार."

तर मंडळी, मखर कोण नेणार?

(चिवड्याची मागणी आता नऊ किलोवर गेली आहे. यादी बंद.)