मामा तलावात मुरूम टाकतायत. पाणथळ कायदा लागतो की नाही? मदत हवी आहे

झाडीकर:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचं गाव पूर्व विदर्भातलं, झाडीपट्टीतलं. गावाला लागून मामा तलाव आहे. नावाला हसू नका, मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजाराच्या म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा. पाळ माझ्या पणजोबांच्याही आधीची. खालच्या धानाला पाणी त्याचंच, मासेमारी ढिवरांच्या संस्थेकडे, आणि उथळ बाजूला देवधान उगवतं तिथे हिवाळाभर बदकं असतात.

दिवाळीनंतर पाणी ओसरलं तसा वरच्या अंगाला, जिथून नाल्याचं पाणी तलावात शिरतं तिथेच, मुरूम पडायला लागला. आधी दोन-चार ट्रॉल्या. विचारलं तर म्हणे शेतात जायला रस्ता करतोय. आता होळी तोंडावर आलीय आणि भराव बावन्न पावलं लांब, माझ्या कमरेएवढा उंच झालाय. टोकाला सिमेंटचे खांबही रोवलेत. परवा जाऊन बघितलं तर शिंपले चिरडून पडलेले आणि त्यावर टायरचे वळ.

तलाठी म्हणतात तलाव जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषदेचे अभियंता म्हणतात पाळ आणि सांडवा आमचा, पोटातलं अतिक्रमण महसूलचं. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज दिला, त्यात २०१७ च्या पाणथळ नियमांचा हवाला दिला. एका ओळीचं उत्तर आलं: सदर जलसाठा सिंचनासाठी बांधलेला मानवनिर्मित असल्याने पाणथळ जागेच्या व्याख्येत बसत नाही.

हे खरं आहे का? नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतलं. तिथेही इंग्रजांच्या काळात पाटबंधाऱ्यासाठी बांधलेला बंधाराच आहे ना? मग ते पाणथळ आणि आमचं नाही, हे कसं?

कायदेवेडा:

झाडीकर, उत्तर देणारा खोटं बोललेला नाही, पण सोयीचं तेवढंच बोललाय.

रामसर करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ साली आला. करारातली व्याख्या ऐसपैस आहे: नैसर्गिक असो की मानवनिर्मित, कायमचं पाणी असो की हंगामी, सगळं त्यात येतं. आपले पहिले नियम २०१० चे. त्यांच्या व्याख्येत जलाशय आणि तलाव स्पष्ट लिहिलेले होते. २०१७ मध्ये नवे नियम आले, त्यात सुरुवातीचं वाक्य जवळपास करारातलंच ठेवलं आणि शेवटी एक शेपूट जोडलं. नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, आणि मत्स्यशेती, मिठागर, करमणूक, सिंचन यांसाठी खास बांधलेली कामं वगळली. तुमचा तलाव या शेपटात अडकलाय.

म्हणून २०१० चे नियम फार उदार होते असं समजू नका. तिथे व्याख्या मोठी होती पण संरक्षण मोजक्यांना. सपाटीवरच्या तलावाला आपोआप संरक्षण हवं तर क्षेत्र ५०० हेक्टर लागायचं. मामा तलाव त्यात कुठून बसणार?

नांदूर मध्यमेश्वरचं म्हणाल तर २०१७ चे नियम दोनच प्रकारांना लागतात: रामसर यादीतल्या जागा आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागा. शिवाय ते अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव कायदा आधी येतो. बंधारा मानवनिर्मित आहे का, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही.

पाणकावळा:

कायदेवेडा, एक भर घालतो. एम. के. बालकृष्णन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये आदेश दिला होता. इस्रोच्या नकाशांवरून काढलेल्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना २०१० च्या नियम ४ मधल्या तत्त्वांनुसार संरक्षण द्या, असा. त्या यादीत मानवनिर्मित तलावही आहेत. नंतरच्या नकाशात हा आकडा २,३१,१९५ झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना सांगितलं की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती तीन महिन्यांत संपवा.

तेव्हा झाडीकर, तुमचा तलाव त्या नकाशात आहे का बघा. असेल तर त्या एका ओळीच्या उत्तराला दुसरा अर्ज करा: यादीत आहे, मग पडताळणी कधी झाली, कुणी केली, अहवालाची प्रत द्या. माहिती अधिकारात १० रुपयांत होतं.

झाडीकर:

आहे! निळा ठिपका दिसतोय. म्हणजे जिंकलो का?

कायदेवेडा:

एवढ्यात पेढे वाटू नका. नकाशात आहे म्हणून संरक्षण, असं तुम्ही म्हणाल. व्याख्येतून वगळलंय म्हणून नाही, असं ते म्हणतील. हा वाद वकिलांचा आहे आणि तो मिटेपर्यंत तुमच्या बावन्न पावलांची दीडशे होतील. अधिसूचनेची वाटही लांबच आहे. राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाची शिफारस, मसुदा, हरकती, मग अंतिम अधिसूचना, आणि शिफारशीपासून २४० दिवसांची मुदत. ग्रामसभेचा ठराव करून तो प्रस्ताव जरूर पाठवा, पण भराव त्याने थांबणार नाही.

जुना_सातबारा:

मी महसुलात बत्तीस वर्षं काढली, म्हणून राहवत नाही. भाऊ, तुम्ही पाण्याच्या मागे लागलात. जमिनीच्या मागे लागा.

पहिलं काम, तलावाच्या गटाचा सातबारा आणि गावनकाशा काढा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली तेव्हा बहुतेक तलाव सरकारजमा झाले, पण मालगुजाराच्या कब्जातल्या शेतांमधल्या काही बोड्या, म्हणजे लहान तळी, खासगी राहिल्या. तुमचा कुठला, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेत. सरकारी निघाला तर ते पाणथळ आहे की नाही याने काडीचा फरक पडत नाही. सरकारी जमिनीवर भराव घालणं म्हणजे अतिक्रमण, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली ते काढता येतं. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये व्हायला हवी. झाली आहे का, एवढंच तलाठ्यांना लेखी विचारा. तोंडी विचारलं की ते जिल्हा परिषदेकडे बोट दाखवणार, लेखी विचारलं की नोंदवही उघडावी लागते.

दुसरं म्हणजे, तलाव खासगी निघाला तर वाजिब-उल-अर्ज मागा. त्यात सरकारच्या नसलेल्या जमिनीवरचे आणि पाण्यावरचे गावाचे हक्क लिहिलेले असतात: वाट, सिंचन, मासेमारी. आजकालच्या पोरांना हा कागद माहीतच नसतो. नवीन तहसीलदारांनाही नसतो, हे आपलं माझं मत.

आणि न्यायनिवाडे हवे असतील तर दोन पुरेत. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब, २०११: गावच्या तळ्यात भराव घालून बांधलेली घरं हटवा, आणि सगळ्या राज्यांनी अशा जागा मोकळ्या करण्याची योजना करावी. त्याआधीचा हिंचलाल तिवारी, २००१. तिथे तळं सुकलंय, आता ते तळं राहिलंच नाही, म्हणून घरांसाठी जागा वाटली होती. न्यायालयाने ते मानलं नाही. तुमच्याकडेही उद्या हेच म्हणतील, उन्हाळ्यात तिथे पाणी नसतंच म्हणून.

पाणकावळा:

एक घाईची गोष्ट कुणी बोललंच नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जायचं असेल तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर कारण पटलं तर ६० दिवस, बस. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये. दिवाळी ते होळी हिशेब करा. पहिली ट्रॉली कोणत्या तारखेला पडली, कुणी पाहिली, फोटो कुठला, हे आजच वहीत लिहून काढा. गूगल अर्थवर जुनी चित्रं मिळतात, भरावाआधीचं आणि नंतरचं जतन करा.

झाडीकर:

सगळ्यांचे आभार. परवा तहसीलला जाऊन आलो. तलाव सरकारी निघाला, क्षेत्र ११ हेक्टरच्या वर. १-ई मध्ये आमच्या तलावाची एकही नोंद नाही. ढिवर संस्थेच्या अध्यक्षांनी पहिल्या ट्रॉलीचा फोटो काढून ठेवला होता, तारखेसकट! त्यांना जाळं टाकायची जागा गेली म्हणून राग आला होता, तोच कामाला आला. ग्रामसभेत सरपंच गप्प होते, पण ठराव झाला.

एक अडलंय. मोजणी करून घ्या असं सगळे म्हणतात. जमीन माझी नाही, मग मोजणीचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा?

जुना_सातबारा:

तुमच्या नावाने नको, उगाच परत पाठवतील. ग्रामसभेचा ठराव जोडून तहसीलदारांना पत्र द्या की सरकारी गटाची हद्द कायम करून मागावी; भूमी अभिलेखकडे मागणी ते करतील. त्याचीच प्रत लघुपाटबंधारे विभागाला. दोन्हींवर पोच घ्या. आणि मोजणीच्या दिवशी गावातली दोन म्हातारी माणसं पाळीवर आणून बसवा, जुनी पाणपातळी कुठपर्यंत यायची ते त्यांनाच दाखवता येतं.