भुसावळच्या उन्हात कोरी (तळाशी राहणारे कॉरिडोरास मासे) कशा जगवायच्या? दोन गेल्या, चार उरल्यात

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार. आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत दोन फुटी टाकी आहे, साधारण ७० लिटरची. दिवाळीनंतर जळगावहून सहा कोरी आणल्या, राखाडी अंगावर काळे डाग असलेल्या, पेपर्ड म्हणतात त्या. दुकानदार म्हणाला, "ताई, यांना वेगळं काही घालू नका, खाली पडलेलं खातात, टाकी साफ ठेवतात." मी विश्वास ठेवला.

मार्चपर्यंत सगळं छान होतं. संध्याकाळी सहाही जणी काचेजवळ ओळीनं बसायच्या आणि डोळा मिचकावल्यासारखा फिरवायच्या. माझे सासरे त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक गेली, परवा दुसरी. उरलेल्या चौघींच्या मिशा अर्ध्याच राहिल्यात. आधी अधूनमधून वर येऊन हवा घ्यायच्या. काल दुपारी सासऱ्यांनी मोजलं, एकीच्या तासाभरात अकरा फेऱ्या झाल्या.

बाहेर ४४, टाकीत दुपारी चारला ३३ अंश. खाली निळे-लाल खडे. सोबत नऊ निऑन, छोटे चमकदार मासे. दर रविवारी जेवणं आटोपली की अर्धं पाणी बदलते, अँटीक्लोरीनचे थेंब न चुकता टाकते. चूक कुठे होतेय? नवीन आणा असं कृपया कोणी सांगू नका. मला या चार वाचवायच्या आहेत.

धुळेकर

ताई, आधी एक सांगा, रविवारी दुपारी ते पाणी येतं कुठून? गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर मला दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही. मागच्या मे महिन्यात मी स्वतः असेच तीन मासे घालवलेत. नळाखाली थर्मामीटर धरून बघा.

आणि तुमची ही जात मुळात थंडीकडची. डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत जमवलेल्या नमुन्यांवरून १८४२ मध्ये जेनिन्स या इंग्रज निसर्गअभ्यासकानं तिचं वर्णन केलं. अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझीलचा दक्षिण भाग हे तिचं घर. १८ ते २४ अंशांत ती सुखात राहते, म्हणजे आपल्या डिसेंबरात. उन्हाळा जरा बरा सोसते ती कोरीचीच दुसरी जात, स्टर्बाय, पांढऱ्या ठिपक्यांची आणि नारिंगी परांची. पण ते पुढचं.

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३३ ला सातच्या जरा वर. माशाची गरज मात्र त्याच वेळी वाढते. कोरी वर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून ऑक्सिजन घेते, तो तिचा स्वभावच आहे. पण फेऱ्या अशा वाढल्या म्हणजे खाली तिला श्वास पुरत नाहीये.

आज एवढं करा. टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका, छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रंदिवस चालू ठेवा. दोन-तीन अंश नक्की उतरतात. पाणी भराभर आटेल, पण क्षार मागेच राहतात, म्हणून आटलेली भर आरओच्या पाण्यानं घाला. बोअरचं घातलं तर पाणी दिवसेंदिवस जड होत जाईल.

अमळनेरची मावशी

उन्हाचं दादांनी सांगितलं, मी मिशांचं सांगते. खडे टोचतात हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे खड्यांच्या फटीत अन्न कुजतं आणि तिथल्या जिवाणूंनी मिशा झडतात. त्याच फटींमुळे कोरीला खायलाही मिळत नाही. ती नाक खुपसून वाळू चाळते आणि कल्ल्यांतून बाहेर सोडते. खडे कसे चाळणार बिचारी? आणि ती सफाई कामगार नाही हो. घाण खाऊन कुठला जीव जगतो? रात्री दिवा मालवल्यावर बुडणारे दाणे घाला, नाहीतर निऑन वरच्या वर सगळं संपवतात.

मी गिरणा नदीची वाळू वापरते. बांधकामावरून एक घमेलं आणली, पिठाच्या चाळणीनं अगदी बारीक माती काढून टाकली आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतली. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, नका वापरू.

वाळू बदलताना मासे जाळीनं धरू नका, परांचे काटे अडकतात. वाडग्यानं उचला. आणि छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका. घाबरलेल्या कोरी विष सोडतात आणि इवल्याशा पाण्यात त्या विषानं स्वतःच मरतात.

यावलना भाऊ

ताई, मना बी दोन मासा वैशाखमा गयात. मी बर्फनी बाटली टाकस दुपारले.

धुळेकर

भाऊ, बाटली चालते, पण अर्ध्या लिटरची आणि एकावेळी एकच. थर्मामीटर बघत राहायचं. तासात पाच अंश उतरले तर तो धक्का उन्हापेक्षा वाईट.

तापीकाठ

नऊ दिवसांनी लिहितेय. दादा, पाणी गच्चीवरचंच होतं. नळाखाली ४१ निघालं. दर रविवारी मी माझ्या हातानं अर्धी टाकी त्या पाण्यानं भरत होते. हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

आता रात्री दोन बादल्या भरून मोरीत ठेवते. सकाळी सहाला ते पाणी २७ असतं. आठवड्यातून दोनदा १२ लिटरच बदलते. फॅन लावल्यापासून दुपारी २९.५ च्या वर गेलं नाही. वीज जाते म्हणून सासऱ्यांनी बॅटरीवरचा एअर पंप आणला. मावशी, वाळू घातली. पहिल्याच रात्री चौघींनी डोळ्यांपर्यंत तोंडं खुपसली, दाणे दहा मिनिटांत संपले. वर येणं आता तासात दोन-तीनदा.

फक्त एकीच्या आखूड मिशीचं टोक पांढरट दिसतंय. बुरशी तर नसेल?

अमळनेरची मावशी

बुरशी असली तर कापसासारखी फुललेली दिसते, पाण्यात सुटी हलते. टोक गुळगुळीत असेल तर नवी मिशी फुटतेय. मूळ शाबूत असलं की परत वाढतात. औषध काही टाकू नकोस, वाळू वरवर बोटानं हलवत राहा आणि आठ दिवसांनी परत बघ.