स्लीव्ह होऊन अकरा आठवडे झाले, एका वेळी नेमकं किती खायचं? (मदत हवी आहे)

मंडळी, इथे वजनाचं ऑपरेशन केलेलं कोणी आहे का? बॅरिॲट्रिक म्हणतात ते. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

वय ४६, राहायला मुलुंड, नोकरी फोर्टला. ऑपरेशनच्या दिवशी वजन १२८ किलो. साखर आणि बीपी, दोन्हीच्या गोळ्या. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मशीन लावायचो. अकरा आठवड्यांपूर्वी स्लीव्ह झाली, म्हणजे जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी तेवढी ठेवतात. आज वजन १०९. साखरेची गोळी डॉक्टरांनी बंद केली, बीपीची अर्ध्यावर आणली. त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

घोडं अडलंय ते वाटीपाशी.

घरी सोडताना जो छापील कागद दिला त्यात सगळं कपात. पाव कप, अर्धा कप. आमच्या घरात कप म्हणजे चहाचे, आणि तेही चार मापांचे. डाएटिशियनबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "एक छोटी वाटी घ्या." छोटी म्हणजे किती छोटी? शेवटी बायकोने कपाटातून लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून तीत पाणी ओतलं. दहा-दहा मिलीची नऊ झाकणं. म्हणजे ९० मिली. लेक यंदा बारावीला आहे, आणि बाप तिच्या वाटीत जेवतोय.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ होतं. पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं. तेव्हा चार चमचे गेले की नाक गळायला लागायचं, सर्दी झाल्यासारखं. पुढे कळलं की पोट भरल्याची ही खूण बऱ्याच जणांना असते. आता साधं जेवण सुरू झालंय आणि गोंधळही इथूनच सुरू झालाय.

मऊ वरणभात लिंबू पिळून घेतला तर त्या वाटीने दोन वाट्या आरामात जातो. नाकबिक काही गळत नाही, उलट पाऊण तासात परत काहीतरी खावंसं वाटतं. त्याच वाटीत चिकन घेतलं तर पाच घासांत छातीच्या मधोमध जड होतं. परवा ऑफिसात गप्पांच्या नादात अर्धी पोळी-भाजी भराभर खाल्ली. घास असा अडकला की वीस मिनिटं बेसिनपाशी नुसता फेस थुंकत उभा. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच आठवड्यात सीएसएमटीबाहेर पाव टाकून एक वडा खाल्ला, तो मात्र बिनबोभाट खाली उतरला.

मग माझं पोट आहे तरी केवढं? वरणभाताएवढं की चिकनएवढं? इतक्यातच ताणलं गेलं की काय?

दुसरा प्रश्न आईचा. २०१७ साली इजिप्तच्या प्रचंड वजनाच्या इमान अहमदला याच ऑपरेशनसाठी चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलात क्रेनने उचलून नेलं होतं, ते तिने टीव्हीवर बघितलेलं. तेव्हापासून हे ऑपरेशन म्हणजे अगदी शेवटचा उपाय, असं तिच्या डोक्यात बसलंय. माझं ताट बघून ती उठून आत जाते. आता गणपती पंधरा दिवसांवर आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, आणि नैवेद्य झाला की पहिला मोदक माझ्या पानात वाढायचा हा तिचा शिरस्ता. उकडीचा एक चालेल का? डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे.

---

खाडीपलीकडची: ताणलं वगैरे काही नाही. माझी बायपास आहे, हृदयाची नव्हे, वजनाचीच: जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. पाच वर्षं झाली. आमची पिशवी तर सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची असते.

वरणभात तुमच्या पोटात थांबतच नाही हो. स्लीव्हमधून अन्न एरवीपेक्षा लवकर पुढे सरकतं, त्यात ते मऊ आणि ओलं असलं की घसरगुंडीच. वड्याचंही तेच, आत बटाट्याचा लगदाच असतो. चिकन, पनीर, मोडाची उसळ ही घट्ट मंडळी, ती ठाण मांडून बसतात. तेव्हा माप घ्यायचं ते घट्ट खाण्याचं. अकरा आठवड्यांना तुमची चांदीची वाटी अगदी रास्त आहे. पुढे सूज पूर्ण उतरते, सवय होते, वर्षभराने तसल्या दोन-अडीच वाट्या जातील. तेव्हा पुन्हा "ताणलं का" म्हणून धागा काढू नका.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगितली असतीलच. अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शिजलेल्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये पंचवीस. पातळ वरणाच्या नेहमीच्या वाटीत चार-पाच. आता पाऊण तासात भूक का लागते ते तुम्हीच बघा. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भात. चिकन सुकं नको, खिमा करा किंवा रश्श्यात मऊ शिजवा. मासे तर सगळ्यात सुखाचे. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, नाहीतर असलेलंही वाहून जातं.

मोदकाचं माझं ऐका. पहिल्या वर्षी मी अख्खा खाल्ला. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, आरती सोडून मखराशेजारीच आडवी झाले. पाहुण्यांना वाटलं अंगात आलं. डंपिंग म्हणतात त्याला. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हला कमी, पण होतं. उकड तर नकोच, चिकट असते, अडकेल. सारण चमचाभर, तेही जेवणात काहीतरी घट्ट खाल्ल्यावर.

आरपार: एवढंसंच खायचं होतं तर ऑपरेशनच्या आधीच खायचंत. पैसे तरी वाचले असते.

निवृत्त वैद्यकीय: आरपार, जठराचा जो भाग काढतात तिथे भूक लावणारं घ्रेलिन मोठ्या प्रमाणावर तयार होतं. ते कमी झालं म्हणून यांना चार घासांवर थांबता येतंय. नुसत्या निर्धाराने १२८ किलोचा माणूस तिथे टिकत नाही, हे मी ३० वर्षं ओपीडीत पाहिलंय.

धागाकर्ते, घाईत एकदा घास अडकला तर चिंतेचं कारण नाही. पण रोज उलट्या होऊ लागल्या किंवा पाणीही टिकेना, तर तीन आठवड्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटतं. चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं इथपर्यंत मजल जाते, आणि ते नेहमी भरून येतंच असं नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या जन्मभराच्या आहेत. बरं वाटतंय म्हणून सोडणारे फार भेटतात. आणखी महिन्याभरात केस गळायला लागले तर घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात.

लसूणचटणी: माझ्या नवऱ्याचं झालंय. सासूबाई पहिले दोन महिने रडायच्या, "माझं पोर उपाशी ठेवलं" म्हणून. मग मी खाणं मोजायचा वजनकाटा त्यांच्या हातात दिला. आता कालनिर्णयच्या चौकटीत रोजची प्रथिनं त्याच लिहितात, आणि आकडा कमी भरला तर मलाच ओरडतात. आईंना ताटाबाहेर ठेवू नका, काट्यावर बसवा.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, आरपार यांचेही. काल खिमा केला. घड्याळ समोर ठेवून सहा चमचे खायला पंचवीस मिनिटं लागली. सहाव्याला नाक गळलं, थांबलो. चार तास भुकेची आठवणही नाही. पाण्याची मात्र पंचाईत आहे. लंच अर्ध्या तासाचा, त्यात पुढचा अर्धा तास थांबायचं, म्हणजे टेबलावर बाटली ठेवून तिच्याकडे बघत बसायचं.

आईला काटा दिला. तिने सगळ्यात आधी काय केलं असेल? उकड काढून एक मोदक वळला आणि चांदीच्या वाटीत ठेवून बघितला. त्याचं टोक वर डोकावतंय. आता माळ्यावरून पेढ्यांचा साचा काढायला लावलाय.